वाचकांचे प्रश्न : वेगळा पेला

या वेळच्या टपालात पाच पत्रे एकाच विषयाची निघाली. ३० जानेवारीच्या कुष्ठरोग निवारण दिनानिमित्त अनेक मंडळ्यांत विशेष प्रार्थना झाल्या, त्याचा हा परिणाम असावा. इतर पत्रांना पुढील अंकात उत्तरे देईन. या वेळी ही पाचच घेतो आणि पहिल्या पत्राला बरीच जास्त जागा देतो, कारण उरलेल्या चारही पत्रांचे मूळ मला त्यातच दिसले. पत्रलेखकांची नावे व गावे त्यांच्या इच्छेवरून गाळली आहेत.

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, प्रभू येशूच्या नावात सलाम. मी आमच्या मंडळीत पंच म्हणून काम पाहतो. गेल्या वर्षी साठीच्या पुढचे एक जोडपे आमच्याकडे सभासद झाले. मुलाला इथल्या साखर कारखान्यात नोकरी लागली, म्हणून ते त्याच्याबरोबर आले. दोघांनाही पूर्वी कुष्ठरोग होता. औषधोपचार पुरा होऊन वीस-बावीस वर्षे झाली आहेत, आणि तसा डॉक्टरांचा कागदही त्यांनी आपण होऊन दाखवला. काकांच्या हाताची बोटे वाकडी आहेत व एका पायाला बहुधा पट्टी असते. आमच्याकडे प्रभुभोजन एकाच पेल्यातून दिले जाते. काही कुटुंबांनी पंचमंडळापुढे मागणी ठेवली आहे की, या दोघांना सर्वांत शेवटी द्यावे किंवा त्यांचा पेला निराळा ठेवावा. प्रीतिभोजनाच्या वेळी त्यांची ताटे तर महिला मंडळ आधीपासूनच वेगळी ठेवते. एका वडीलधाऱ्या सभासदांनी बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय काढून दाखवला, ज्यात कुष्ठ झालेल्याने इस्राएलांच्या छावणीबाहेर राहावे असा नियम आहे. मी काकांशी बोललो तेव्हा ते म्हणाले, "आम्हाला चालेल, आमच्यामुळं भांडण नको." त्यांनाच चालत असेल, तर शांततेसाठी असे करण्यास हरकत आहे काय?

उत्तर : हरकत आहे. मात्र केवळ तेवढे सांगून तुमचे काम होणार नाही, कारण तुम्हाला पंचमंडळात बसून हे इतरांना पटवून द्यायचे आहे. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

वैद्यकीय बाब आधी उरकून घेऊ, कारण तीत वादाला जागा नाही. कुष्ठरोगाचे जंतू १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन यांनी शोधले. हा रोग पसरतो तो उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ आणि निकटच्या सहवासातून, मुख्यतः श्वासावाटे, आणि शंभरातील सुमारे ९५ माणसांच्या अंगी त्याला तोंड देणारी प्रतिकारशक्ती जन्मतःच असते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन ही ती औषधे होत. ती सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून संसर्ग होण्याचे थांबते. ज्यांचा उपचार पुरा होऊन वीस वर्षे उलटली, त्यांच्या ओठांचा पेल्याला झालेला स्पर्श तुमच्या-माझ्या ओठांच्या स्पर्शाहून तिळमात्र अधिक धोक्याचा नाही. सर्दी झालेला सभासद आपल्या शेजारी बसून त्याच पेल्यातून पितो, तेव्हा खरोखर काहीतरी पसरण्याचा संभव असतो. त्याच्यासाठी वेगळा पेला ठेवावा, असा अर्ज आजवर कोणी केल्याचे मी ऐकलेले नाही.

काकांची वाकडी बोटे आणि पायाची पट्टी पाहून लोकांना रोग अजून अंगात आहे असे वाटते. ती रोगाची नव्हे, रोगाने जाता जाता केलेल्या नासाडीची खूण आहे. जंतूंनी मज्जातंतू एकदा निकामी केले की हातापायांची संवेदना जाते. मग चटका कळत नाही, बुटातला खडा कळत नाही, आणि ज्या जखमेने तुम्ही-आम्ही लंगडत घरी आलो असतो ती घेऊन असा माणूस दिवसभर चालत राहतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून आखडलेल्या हातांवर स्नायुबंधांच्या शस्त्रक्रिया केल्या. बोटे रोगाने गळून पडत नाहीत, वेदनाच न राहिल्यामुळे ती इजा होऊन झिजत जातात, हे त्यांनी जगाला पटवून दिले. वेदना ही देवाची देणगी आहे, असे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

आता लेवीयाविषयी. तेरावा अध्याय काढून दाखवणाऱ्या सभासदांना मान देऊन एवढेच विचारावे की, पुढची पाने त्यांनी वाचली आहेत काय. त्याच तेराव्या अध्यायात लोकरीच्या व तागाच्या वस्त्रांना लागणाऱ्या चट्ट्याचे नियम आहेत आणि चौदाव्यात घराच्या भिंतीवर उठणाऱ्या हिरवट-तांबूस डागांचे. ज्या शब्दाचे भाषांतर आपण कुष्ठ असे करतो, त्यात कातडीचे नाना विकार, कपड्यांवरची बुरशी आणि भिंतींची ओल हे सगळेच येते. तो आज दवाखान्यात ज्याला कुष्ठरोग म्हणतात तो एकच रोग नव्हे. आणि चौदाव्या अध्यायाचा मोठा भाग माणसाला छावणीत परत कसे घ्यावे याच्या विधीचा आहे. याजकाने छावणीबाहेर जाऊन त्याला पाहावे असे तिथे लिहिले आहे. बरा झालेला माणूस दाराशी उभा राहून विनवण्या करत नाही, आत असलेल्या याजकाने बाहेर पडायचे असते. तुमच्या मंडळीत काकांनी आपण होऊन कागद दाखवला. मोशेच्या नियमशास्त्राने जेवढे मागितले तेवढे त्यांनी केले आहे. पुढचा विधी करणे आपल्याकडे होते, आणि आपण तिथेच थांबलो.

प्रभू येशूने काय केले ते मार्काच्या पहिल्याच अध्यायात आहे. कुष्ठरोगी गुडघे टेकून म्हणतो, तुझी इच्छा असेल तर मला शुद्ध करायला तू समर्थ आहेस. त्यावर प्रभूला त्याचा कळवळा आला, असे आपल्या मराठी शास्त्रात म्हटले आहे, आणि हा शब्द मोठा नेमका पडला आहे. मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आलेला आहे. आपणही आतडे पिळवटणे म्हणतो. येशू केवळ शब्दाने लोकांना बरे करू शकत होता, शताधिपतीच्या चाकराला त्याने न पाहताच बरे केले. इथे मात्र त्याने आधी हात पुढे करून स्पर्श केला आणि शुद्ध हो हे शब्द नंतर उच्चारले. म्हणजे स्पर्श झाला तेव्हा तो माणूस अजून अशुद्धच होता. हा प्रसंग ज्या वचनावर संपतो त्यावर उपदेश क्वचितच ऐकायला मिळतो. बरा झालेला माणूस गावात जाऊन बोभाटा करतो, आणि येशूला उघडपणे नगरात जाता येईनासे होते, तो बाहेर अरण्यात राहतो. सकाळी जो बाहेर होता तो आत गेला, आणि ज्याने त्याला आत धाडले तो बाहेर राहिला.

मंडळीने हे नेहमीच पाळले, असे मी म्हणणार नाही. चौथ्या शतकात कैसरियाच्या बिशप बासिल यांनी शहराबाहेर आजाऱ्यांसाठी व कुष्ठरोग्यांसाठी मोठे आश्रयस्थान उभारले, याचा आपण अभिमान बाळगतो, आणि तो योग्यच आहे. परंतु ११७९ साली रोममध्ये भरलेल्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने कुष्ठरोग्यांना त्यांचे स्वतंत्र चर्च, स्वतंत्र कब्रस्तान आणि स्वतंत्र धर्मगुरू असू द्यावेत, असा ठराव केला. तो ठराव दयेपोटी होता. ज्यांना सर्वांबरोबर उपासनेला येऊ दिले जात नव्हते, त्यांना निदान स्वतःचे ठिकाण तरी मिळावे, असा त्याचा हेतू होता. सर्वांबरोबर का येऊ देत नाही, हा प्रश्न मात्र त्या ठरावात कोणी विचारला नाही. तुमच्या पंचमंडळापुढे आलेला निराळ्या पेल्याचा प्रस्ताव नेमका त्याच जातीचा आहे. त्यात दुष्टावा नाही, उलट सोयच आहे, आणि म्हणूनच तो नाकारणे अवघड जाते.

इथे माझीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी उंचावर उभा राहून बोलतो आहे असे वाटेल. पाळकपदाची दीक्षा होऊन पुरते वर्षही झाले नव्हते, तेव्हा एका कुष्ठरोग रुग्णालयाच्या छोट्या प्रार्थनामंदिरात प्रभुभोजन देण्यासाठी मला पाठवण्यात आले. रांगेत एक आजोबा होते. दोन्ही हातांना बोटे उरलेली नव्हती, म्हणून ते दोन मनगटांमध्ये पेला धरून ओठांशी नेत. प्रत्येकाने प्यायल्यावर पेल्याची कड पांढऱ्या फडक्याने पुसायची आणि पेला थोडा फिरवून पुढच्याला द्यायचा, ही रीत सर्वांना ठाऊक आहे. त्या आजोबांनी पेला परत दिल्यावर मी ती कड दोनदा पुसली, आणि दुसऱ्यांदा जरा घासून. उपासना संपल्यावर ते दाराशी थांबले होते. म्हणाले, "सायेब, पुढच्या येळंला मला शेवटी द्या. म्हंजे तुमाला पुसाया लागनार न्हाई." आवाजात राग नव्हता. माझी अडचण त्यांना कळली होती आणि तिच्यातून ते मला सोडवू पाहत होते. त्यांना शेवटी देण्याचे मी केले नाही, एवढेच. परंतु त्या दिवशी त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलायचे धैर्यही मला झाले नाही.

म्हणून तुमच्या पत्रातले "आम्हाला चालेल" हे शब्द वाचून मी थबकलो. आयुष्यभर ज्याला वेगळे ताट मिळाले, तो माणूस कुणी मागण्याच्या आधीच वेगळे ताट उचलायला शिकतो. ही संमती नव्हे, ही सवय आहे. पंचांनी तिचा आधार घेऊ नये. आणि आपण मराठी ख्रिस्ती माणसांनी तर मुळीच घेऊ नये. आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्या-पणज्या गावच्या हॉटेलाबाहेर कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या कपबशीतून चहा प्यायल्या आणि ती कपबशी स्वतःच विसळून परत कोनाड्यात ठेवून आल्या. त्यांनाही तेव्हा "चालत" होते. ज्या घरांना ही आठवण आहे, त्या घरांतून निराळ्या पेल्याची मागणी यावी, याचे मला फार वाईट वाटले.

पंचमंडळात शास्त्राचा आधार मागितला गेलाच, तर दोन ठिकाणे वाचून दाखवावीत. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सभास्थानात कोणाला कुठे बसवायचे हाच विषय आहे; चांगल्या कपड्यातल्याला इकडे या म्हणणे आणि दरिद्री माणसाला तिथे उभा राहा किंवा खाली बस म्हणणे याला याकोब पक्षपात म्हणतो. आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय तर प्रत्येक प्रभुभोजनाच्या वेळी आपण वाचतोच. अयोग्य प्रकारे खाण्यापिण्याविषयीचा पौलाचा इशारा आपण प्रत्येक जण आपापल्या खासगी पापांना लावून घेतो. त्याच्या आधीच्या वचनांत पौल रागावला आहे तो एकाच मेजाभोवती दोन प्रकार झाले म्हणून: कोणी भुकेला राहतो, कोणी मस्त होतो, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवले जाते. माझ्या समजुतीप्रमाणे, दोन पेले मांडणारी मंडळी दुसऱ्या पेल्यातूनच नव्हे, दोन्ही पेल्यांतून अयोग्य प्रकारे पिते.

व्यवहारात काय करावे तेही लिहितो. आरोग्याच्या कारणाने एक पेला नको असेल, तर सर्वांसाठी लहान पेले आणावेत किंवा सर्वांनीच भाकर द्राक्षारसात बुडवून घ्यावी. जे ठरेल ते पाळकांपासून शब्बाथशाळेतून नुकतेच सभासद झालेल्या मुलांपर्यंत सारखे असावे. काकांना बोटांनी भाकर उचलता येत नसेल, तर ती त्यांच्या तळहातावर ठेवावी, आणि तेही न जमल्यास मुखात द्यावी. तुमच्याकडे सतरंजीवर बसण्याची पद्धत असेल, तर एक गोष्ट माहीत असलेली बरी: संवेदना गेलेल्या पायांनी मांडी घालून बसल्यास घोट्यावर दाब येऊन जखम होते आणि ती बसणाऱ्याला कळतही नाही. काकांना खुर्ची द्यावी. मात्र ती एकटी मागे ठेवू नये. गुडघेदुखीची तक्रार करणारे चार-पाच ज्येष्ठ प्रत्येक मंडळीत असतातच, त्यांच्या ओळीत ती ठेवावी.

महिला मंडळाला माझा सलाम सांगून चहाविषयीही एक शब्द सांगावा. स्टीलच्या पेल्यातला कडक चहा बधिर हाताला भाजतो, फोड येतो आणि त्याची पुढे जखम होते. कानाच्या कपात चहा दिला तर हे टळते. तेव्हा या जोडप्यासाठी वेगळे भांडे काढायचेच असेल, तर ते या कारणासाठी काढावे, आणि त्या दिवशी सगळ्यांनाच कानाच्या कपात चहा द्यावा. ताटे वेगळी ठेवण्याला मात्र असे कोणतेही कारण नाही. ती आजच धुऊन इतर ताटांच्या चळतीत मिसळून टाकावीत. कोणते ताट कुणाचे होते, हे महिनाभरात कोणालाच आठवणार नाही.

प्रश्न : माझ्या मुलासाठी एक स्थळ आले आहे. मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झालेली, प्रार्थनाशील आणि घरच्यांना पसंत आहे. मात्र तिचे आजोबा कुष्ठरोगी होते व ते मिशनच्या आश्रमातच वारले, असे नुकतेच कानावर आले. माझ्या यजमानांचा विरोध नाही, पण माझे मन घेत नाही. पुढे मुलाबाळांत काही निघाले तर? आणि आपल्या कायद्यातसुद्धा हा रोग घटस्फोटाचे कारण मानला आहे असे ऐकले, मग भीतीला काही तरी अर्थ असेलच ना?

उत्तर : ताई, तुमचे मन घेत नाही हे तुम्ही लपवले नाही, हे चांगले केले. कुष्ठरोग आनुवंशिक नाही. तो जंतूंमुळे होतो, रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाही. आजोबांचा रोग नातीत येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिने तर त्यांचे शेवटचे दिवसही कदाचित पाहिले नसतील.

कायद्याविषयी तुम्ही ऐकले ते एके काळी खरे होते, आता नाही. तो इतिहास आपल्या समाजाला फारसा भूषणावह नाही, म्हणून सांगतो. आपल्याला लागू असलेला घटस्फोटाचा कायदा १८६९ सालचा आहे. त्यात २००१ साली मोठी दुरुस्ती झाली आणि घटस्फोटाची कारणे वाढली. त्यांत असाध्य स्वरूपाच्या कुष्ठरोगाचेही नाव घातले गेले. हा रोग बरा करणारे औषध तोवर बरीच वर्षे देशात मोफत दिले जात होते. म्हणजे रोग साध्य झाला आणि आपल्या कायद्यात तो त्यानंतर असाध्य म्हणून नोंदला गेला. २०१९ च्या वैयक्तिक कायदे दुरुस्ती अधिनियमाने हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती व विशेष विवाह या सर्वच कायद्यांतून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण वगळण्यात आले. धनहीन कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात डांबण्याची परवानगी देणारा १८९८ चा कायदा तर २०१६ पर्यंत कागदावर जिवंत होता.

तिचे आजोबा आश्रमात वारले, ही गोष्ट तुम्हाला डाग वाटते. त्या आश्रमांविषयी थोडे जाणून घ्या. वेल्स्ली बेली नावाचे आयरिश गृहस्थ तेव्हाच्या पंजाबात अंबाल्याला मिशनच्या शाळेत शिकवत होते. तिथल्या कुष्ठरोग्यांच्या झोपड्या त्यांनी १८६९ साली पाहिल्या आणि १८७४ मध्ये त्यांच्यासाठी जी संस्था काढली तीच आजची द लेप्रसी मिशन. आपल्याकडे अचलपूरजवळचे कोठारा, मिरज, पोलादपूर इथली कुष्ठरोग रुग्णालये त्याच परंपरेतली. तिथे हजारो माणसांना छप्पर, मलमपट्टी आणि देवाचे वचन मिळाले. त्याच आश्रमांत एके काळी नवरा-बायकोला वेगळ्या आवारांत ठेवले जाई आणि निरोगी मुलांना आईबापांपासून काढून निराळ्या वसतिगृहात वाढवले जाई, हेही खरे आहे. औषध नसलेल्या काळात त्यांना दुसरा मार्ग दिसला नसेल, परंतु आईच्या काळजाला ते कारण पुरले असेल असे मला वाटत नाही. या मुलीच्या घरात अशी ताटातूट झाली असेल किंवा नसेल, मला माहीत नाही. झाली असेल, तर त्या घराने फार सोसूनही लेकीला परिचारिका केले, आणि तुम्ही त्या घराशी सोयरीक करताना संकोचायचे असेल तर ते आदराने संकोचावे.

मुलीला ही गोष्ट तुम्हाला कळली आहे हे साखरपुड्याआधी मोकळेपणाने सांगा. लग्नानंतर एखाद्या भांडणात ती बाहेर यावी, यासारखे वाईट दुसरे काही नाही.

प्रश्न : आमचा तरुण संघ दर नाताळात शहराबाहेरच्या कुष्ठरोगी वसाहतीत ब्लँकेट व फराळ वाटतो आणि फोटो ग्रुपवर टाकतो. यंदा तिथल्या एका मुलाने फोटो काढू दिला नाही व आमच्याशी वाद घातला. आमचे काय चुकले?

उत्तर : फोटो चुकला. तो मुलगा कॉलेजात जात असेल, त्याचे मित्र त्याच ग्रुपवर असतील. वसाहतीचा पत्ता सांगितला की नोकरी मिळत नाही, हे तो तुमच्याहून चांगले जाणतो.

ब्लँकेटांविषयी असे की, त्याच आठवड्यात आणखी चार संघ ब्लँकेट देऊन जातात. पुढच्या वेळी आधी रिकाम्या हाताने जाऊन बसा आणि विचारा. पाय बधिर असलेल्यांना मऊ तळव्याच्या, ज्यांना एम.सी.आर. म्हणतात त्या चपला वर्षभर लागतात आणि त्या झिजतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश आहे, पण दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढायला जिल्हा रुग्णालयात दोन-तीन खेपा घालाव्या लागतात आणि बोटांचे ठसे झिजलेल्यांची आधार कार्डाशी फार अडवणूक होते. तुमच्यात मोटरसायकली असलेले आणि अर्ज भरता येणारे तरुण आहेत. संजय गांधी निराधार योजनेचा एक अर्ज तलाठ्याच्या सहीपासून तहसील कचेरीपर्यंत पोहोचवून पाहा. त्याचा फोटो चांगला येत नाही, एवढाच तोटा.

प्रश्न : दत्तपूर, तपोवन, आनंदवन या कुष्ठसेवेच्या संस्था ख्रिस्ती नसलेल्या लोकांनी उभ्या केल्या. मग कुष्ठसेवेला आपण "ख्रिस्ती करुणा" का म्हणतो? आपल्या प्रीतीत वेगळे असे काय आहे?

उत्तर : तुमचा प्रश्न थोडा चिडून विचारलेला वाटतो, पण तो योग्य आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला, शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीला तपोवनात आणि बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याला आनंदवनात काम सुरू केले. सेवाग्रामात संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगी म्हणून आले, तेव्हा गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश करत. आनंदवनाने जे केले ते आपल्या पुष्कळ आश्रमांना उशिरा सुचले: त्यांनी त्या माणसांच्या हाती कुदळ दिली, त्यांच्याकडून शेते पिकवून घेतली आणि त्यांना लग्ने करू दिली. ते शिकण्यात आपल्याला कमीपणा वाटू नये.

करुणेची मालकी सांगण्याचा मोह प्रभूच्या श्रोत्यांनाही होता. माझा शेजारी कोण, असे विचारणाऱ्या शास्त्र्याला त्याने जी गोष्ट सांगितली, तीत जखमी माणसाला चुकवून पुढे जाणारे दोघे मंदिरातले आहेत, आणि थांबून त्याच्या जखमा बांधणारा शोमरोनी आहे, म्हणजे ज्याचा धर्म श्रोत्यांना चुकीचा वाटत होता असा माणूस. कनवाळूपणाचे उदाहरण म्हणून येशूने आपल्यातला कोणी निवडला नाही. गोष्ट संपल्यावर तो त्या शास्त्र्याला म्हणतो, जा आणि तूही तसेच कर. शोमरोन्याला तो काहीच म्हणत नाही.

तरीही ख्रिस्ती हा शब्द मी अगदीच सोडून देणार नाही, आणि त्याचे कारण मला फादर डेमियन यांच्या आयुष्यात दिसते. बेल्जियमचे हे तरुण धर्मगुरू १८७३ साली हवाईच्या मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वस्तीत राहायला गेले. त्यांनी घरे बांधली, पाणी आणले, शवपेट्या स्वतः ठोकल्या, रोग्यांच्या ताटातले खाल्ले. उपदेशात ते पहिल्यापासूनच "आपण कुष्ठरोगी" असे म्हणत, आणि काही वर्षांनी त्यांना स्वतःला तो रोग झाला. १८८९ मध्ये ते त्याच वस्तीत वारले. २००९ साली त्यांना संतपद देण्यात आले. प्रत्येकाने रोग ओढवून घ्यावा असे याचे तात्पर्य कोणी काढू नये, औषध असलेल्या काळात ते मूर्खपणाचे होईल. देव स्वतः देहधारी होऊन आपल्या बाजूला येऊन बसला, असे आपण मानतो. ते मानणाऱ्याला पलीकडच्यांना "ते" म्हणणे उत्तरोत्तर कठीण व्हावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. ज्या मंडळीत ते कठीण होत नाही, तिच्या करुणेला ख्रिस्ती म्हणण्यापूर्वी मीही तुमच्याइतकाच चिडेन.

प्रश्न : माझ्या पाठीवर फिकट चट्टा आहे. तिथे टोचले तरी कळत नाही. घरी कोणाला सांगितलेले नाही. मी उपासनेला जाणे बंद केले आहे. माझे काय पाप झाले असेल?

उत्तर : तुमच्या पत्रावर नाव नाही, पत्ता नाही, म्हणून इथेच लिहितो, आणि हे वाचाल अशी आशा करतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला हाच प्रश्न विचारला होता, पाप याचे की आईबापांचे. त्याने दोन्ही नाकारले. पापाचा विषय इथे संपला.

तो चट्टा कुष्ठरोगाचाच असेल असेही नाही, पण बधिर चट्टा आहे म्हणून दाखवायला उशीर करू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे चट्ट्यावर हलका स्पर्श करून तुम्हाला डोळे मिटून बोट ठेवायला सांगतील, कोपराजवळच्या आणि गुडघ्यामागच्या नसा दाबून पाहतील. निदान तेच ठरले, तर गोळ्यांचे पाकीट मिळेल, चट्टे थोडे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा महिने. त्याला पैसे पडत नाहीत. घरच्यांना तपासून रिफाम्पिसिनचा एकच डोस देतात, म्हणून घरी निदान एका माणसाला तरी सांगावे लागेल. ज्याला सांगणे सर्वांत सोपे वाटेल त्याला सांगा. आता उपचार सुरू झाले तर हाताची बोटे सरळ राहतील, पाय शाबूत राहतील. थांबलात तर ती खात्री कोणी देऊ शकणार नाही.

उपासनेला या रविवारीच जा, निदान होण्याची वाट पाहू नका. आरोग्य केंद्रात एकट्याने जाववत नसेल, तर या मासिकाच्या पत्त्यावर फक्त तालुक्याचे नाव कळवा. तिथल्या कोणाला तरी मी तुमच्याबरोबर यायला सांगेन.